गळक्या मोटारीतून देवास ते अमझेरा

देवासहून अमझेऱ्याला जायचं असेल तर बैलगाडीनं जावं. हा सल्ला आधीच देऊन ठेवतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला सवड नाही त्यांचं काम झालं. बैल तहानला तर विहिरीपाशी आपण होऊन थांबतो. मोटारही तहानली की थांबते, पण विहिरीपाशी थांबेल तर शपथ.

गेल्या फाल्गुनात मी हा प्रवास केला. परत आल्यापासून ओळखीच्या मंडळींना तो निदान दहा वेळा सांगितला असेल. लोक पोट धरून हसतात, कारण मी हसायचा तेवढाच भाग सांगतो. उरलेला भाग आमच्या कोठीतल्या चाकरमाणसांना ठाऊक आहे, बाहेर नाही. इथं मात्र सगळं लिहितो. बोलताना माझी जीभ अडते, लेखणी त्या मानानं बरी चालते.

देवास

मी देवासच्या एका सरदार घराण्याचा कारभारी. घराण्याचं नाव सांगत नाही, माझंही नको. आमचे पूर्वज मराठी फौजांबरोबर साताऱ्याकडून माळव्यात आले आणि इथंच मुरले. सरदारसाहेबांनी महूच्या छावणीतल्या एका गोऱ्याकडून जुनी मोटार घेतली, ती माझ्या शिफारशीवरून. छत फाटकं, कंदील मोठाले, तोंडाशी पितळेची जाळी. जाळी म्हणजे पाण्याची टाकी. एंजिन तापतं, पाणी त्याच्याभोवती फिरून त्याला निववतं आणि जाळीत येऊन स्वतः निवतं. पाणी संपलं की एंजिन तापून अडकतं. मोटारीविषयी एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

आमच्या मोटारीचं पाणी नाहीसं होई. रोज झालं असतं तर कुणीही कारण शोधलं असतं. पण महिनेच्या महिने थेंब कमी होऊ नये, आणि एखाद्या दिवशी पाच मैलांत जाळी खडखडीत कोरडी. गळतंय म्हणावं तर कोठीच्या चौकात फरशी सुकीठाक. दीड वर्षापूर्वी हाटपिपल्याच्या वाटेवर भर उन्हात अशीच जाळी आटली, एंजिन अडकलं आणि सरदारसाहेबांना तीन कोस खटाऱ्यात बसून यावं लागलं. त्या वेळी मोटार इस्माईल मिस्त्री चालवी. "साहेब, सकाळी गळ्यापर्यंत भरलं होतं, खुदा कसम," असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्याला काढलं. 'निष्काळजीपणे पाणी न भरल्यामुळे' असा कागद मीच लिहिला आणि सरदारसाहेबांच्या हुकमानं चौकात सगळ्या नोकरांसमोर मीच वाचला.

त्याच्या जागी गणपत आला. हा मराठ्याचा गडी, याचा आजा आमच्या पागेत होता. मोटार चालवणं तो इस्माईलकडेच शिकलेला. वर्ष बरं गेलं, आणि माघात जाळी पुन्हा दोनदा आटली.

आता चैत्रात आईसाहेबांना अमझेऱ्याच्या देवीला मोटारीनं जायचं होतं. सरदारसाहेब मला म्हणाले, "कारभारी, आधी तुम्ही स्वतः बसून जाऊन या. त्याच्यावर नजर ठेवा. जाळी एकदा जरी कोरडी सापडली तर इस्माईलला काढला तसा यालाही काढा. आईसाहेबांना मी रानात बसवायचा नाही."

गणपतच्या घरी म्हातारी आई आणि तीन लेकरं. माझ्यासमोर उभा राहून तो एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा, एवढंच म्हणणं आहे माझं."

मी बघायला लागलो. मोटारीखाली चौकभर चुलीची राख पसरली, म्हणजे थेंब पडला तर खळगा दिसेल. जाळी काठोकाठ भरली, सकाळपर्यंत ठेवली. राखेत मांजराची पावलं उमटली, पाण्याचा थेंब नाही. चौकात एंजिन अर्धा तास चालवून पाहिलं. तरी नाही. गणपतनं रबरी नळ्या दाबून पाहिल्या, पंपाभोवती बोट फिरवून कोरडं बोट मला दाखवलं. मी चिडून म्हणालो, "मग जातं कुठं? तू पितोस का?"

"मी कशाला पिऊ साहेब? लोखंडाची चव येते त्याला," गणपत म्हणाला. म्हणजे चाखूनही पाहिलं होतं त्यानं.

इंदुराकडे

आग्रा सडक म्हणजे माळव्यातलं सुख. खडी ठेचून बसवलेली, दुतर्फा झाडं. पहाटे निघालो, टेकडीवरची देवी मागं राहिली. दर चार मैलांवर मी गाडी थांबवी, गणपत धोतराच्या सोग्यानं टोपण फिरवी, आणि आम्ही दोघं जाळीच्या तोंडात डोकावून बघू. पाणी होतं तिथंच. क्षिप्रेला तिथंच, पुढच्या नाक्याला तिथंच, इंदूर आलं तरी तिथंच. वाटेत एका टांग्यातला म्हातारा थांबून आमच्याबरोबर डोकावला आणि विचारता झाला, "माछली पाली हे कईं, भिया?"

गणपतचा चेहरा फुलला होता. मला मात्र राग आला. चोर धरायला बसावं आणि चोरानं नेमकं त्याच दिवशी सभ्य व्हावं, तसं झालं.

इंदुरात आम्ही कचोऱ्या खाल्ल्या. इंदूरकरांचं एक मला कळत नाही. तिखट खाऊन डोळ्यांत पाणी आलं की हे लोक वर जिलबी खातात आणि मग त्या जिलबीवर पुन्हा शेव. आमच्या देवासात गोड ते गोड, तिखट ते तिखट. गणपतला हा वाद पटला नाही. तो इंदुरी पद्धतीनं तिन्ही एकदम खात होता.

बेटमा

इंदूर सोडून धारची वाट धरली आणि सडकेचं सुख संपलं. काळ्या मातीत बैलगाड्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या, त्या वाळून दगडासारख्या झालेल्या. एक चाक चाकोरीत तर दुसरं वरंब्यावर. मोटार खाटेसारखी करकरे. दोन्हीकडे गव्हाची कापणी चाललेली, मध्येच अफूची शेतं, बोंडं चिरून चीक काढत बसलेल्या बायका. पळस पेटलेला. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. त्या दिवशी मी जाळीचं टोपणच बघत होतो.

बेटम्याच्या अलीकडे टोपणातून फुसफुस सुरू झाली. उघडलं तर पाणी अर्ध्यावर.

"उतू गेलं असेल," मी म्हणालो.

"उतू गेलं असतं तर वर ओघळ दिसला असता, साहेब."

"मग खालून?"

गणपत आडवा झाला, गाडीखाली गेला, धुळीनं पांढरा होऊन बाहेर आला. "सगळीकडे धूळ. ओल असेल तर ती धुळीनं पिऊन टाकली. गरम पत्र्यावर थेंब टिकतो थोडाच."

अर्धी जाळी म्हणजे कोरडी नव्हे, असा निवाडा मी स्वतःशीच दिला आणि विहिरीकडे गेलो. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका होत्या. आमच्या कळशीनं पाणी उपसू देईनात, कळशी कुठली कुठली हिंडलेली म्हणून. त्यांचं बरोबर होतं, मीही माझ्या विहिरीवर हेच केलं असतं. शेवटी एका बाईनं आपल्या घागरीनं उपसून आमच्या कळशीत वरून धार धरली. एक कळशी, दोन, तीन. चौथीला तिनं कमरेवर हात ठेवला. "थारी मोटर तो भैंस से बी जादा पीये. दूध कित्तो दे?"

"दूध नाही देत, बाई. नुसती ओरडते," गणपत म्हणाला.

"तो फिर कईं काम की?" असं म्हणून तिनं घागर डोक्यावर घेतली. मी कळशी उचलून मोटारीकडे वळलो.

घाटाबिल्लोद

चंबळ नदीच्या अर्धा मैल अलीकडे जाळी कोरडी झाली. अर्धी नाही, पाव नाही. गणपतनं आत काठी घातली आणि ती कोरडी बाहेर काढून माझ्या हातात दिली. वेळीच थांबलो म्हणून एंजिन वाचलं. एंजिन निवेपर्यंत थांबायचं म्हणून आम्ही एका बाभळीखाली बसलो.

"आता लिहा, साहेब," गणपत म्हणाला.

"काय लिहू?"

"इस्माईलभियाचं लिहिलंत तेच. नाव बदला फक्त."

तो टोमणा नव्हता. माणूस थकून बोलतो तसा तो बोलला. मग उठून कळशी घेऊन नदीकडे चालू लागला. मी गाडीजवळ एकटाच राहिलो आणि गेले पाच दिवस जे टाळत होतो ते केलं. गुडघे टेकून वाकलो आणि जाळीच्या तळाची डावी बाजू पाहिली.

मी सगळं तपासलं होतं, ही एक जागा सोडून. का, ते सांगतो.

आमच्या कोठीच्या दारात एक जुनी तोफ आहे. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली की नारळ तोफेच्याच तोंडावर फोडायचा, दगडावर नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. फोडायचा मान कारभाऱ्याचा. मोटार आली त्या वर्षी ती तोफेशेजारी उभी केली, हार घातला. इस्माईल पेट्रोलचे डबे आणायला इंदूरला निघाला होता. जाताना तो म्हणाला, "साहेब, मोटारीचा नारळ पत्थरावर फोडा. ही गाडी तोफ नाही." मला त्याचा राग आला. आमच्या घरची रीत मला हा शिकवणार. तो गेल्यावर मी तोफेचा नारळ तोफेवर फोडला आणि मोटारीचा मोटारीवर. पुढच्या लोखंडी दांड्यावर नेम धरला होता. नारळ निसटला आणि सगळ्या जोरानं जाळीच्या तळाशी पितळेवर बसला. अंगठा मावेल एवढा पोचा आला.

भटजी खाली मान घालून मंत्र म्हणत होते. कुणी पाहिलं नाही. मी पोच्यात हळद-कुंकू दाबून भरलं आणि पूजा पुरी केली. संध्याकाळपर्यंत थेंब गळला नाही, म्हणून मी निश्चिंत झालो. पुढं गाडी धुताना इस्माईलला तो पोचा दिसला. "हे काय लागलं, साहेब?" "वाटेत दगड उडाला असेल," मी म्हणालो.

दोन महिन्यांनी हाटपिपल्याचा प्रकार झाला. कागद लिहायला बसलो तेव्हा तो पोचा मला आठवला होता. आठवला नाही असं मी इतके दिवस स्वतःला पटवत आलो, पण आठवला होता. गळत नव्हतं ना चौकात, मग त्याचा काय संबंध, असं म्हणून मी दौतीत लेखणी बुडवली.

बाभळीखाली वाकून मी पोच्यावर बोट फिरवलं. कोरडा. बोटाला धूळ लागली, बस. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. गणपत कळशी घेऊन परत आला तेव्हा मी उभा राहून धोतर झटकत होतो.

"काही सापडलं?"

"नाही," मी म्हणालो.

धार

धारला माझी आतेबहीण गोदाताई राहते. तिच्या दारात पोचलो तेव्हा मोटार किटलीसारखी वाफा टाकत होती. गोदाताईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बापू, पायी आलास की काय? अंगावर एवढी धूळ मोटारीतल्या माणसाच्या नसते."

तिनं दुपारी बाफले केले. हे कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे आणि मग फोडून तुपात बुडवायचे. धारची मराठी घरं आता बाफल्याबरोबर मराठी आमटी वाढतात. गूळ, आमसूल, गोडा मसाला सगळं घालून. देवासला आम्ही अजून बाफल्याला साधी माळवी डाळच घेतो. मी हे बोलून दाखवलं. गोदाताई म्हणाली, "तुझी मोटार पाणी गाळते, तू आमच्या आमटीला नावं ठेव." तीन बाफले खाल्ल्यावर माणूस वाद घालू शकत नाही. मी आडवा झालो.

गणपत ओसरीवर जेवत होता. तिथूनच म्हणाला, "साहेब, इस्माईलभिया इथंच आहेत. तेलाच्या एंजिनाच्या चक्कीवर. त्यांना दाखवू का?"

"नको."

"त्यांच्याइतकी या गाडीची माहिती कुणाला नाही."

"नको म्हटलं ना. तांबटाकडे नेऊ."

तांबट आळीत नेली. तांबटानं जाळीवर टकटक केलं, कान लावला, आणि वैद्यासारखी मान हलवली. "माल चांगला आहे. गळत नाही." हे मला देवासातच ठाऊक होतं. संध्याकाळी मनाला विरंगुळा म्हणून मी गणपतला धारचा लोखंडी खांब दाखवायला नेलं. जुन्या राजांच्या वेळचा, केवढा तरी लांब, आता तुकडे होऊन पडलेला. गणपतनं त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"हा तुटला तेव्हा कुणाला काढलं असेल, साहेब?"

मी म्हणालो, "अंधार पडेल, चल."

अमझेऱ्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी अमझेऱ्याला निघालो. वाट उतरत्या रानाची, सागाची, मोहाचा वास सुटलेला. चार मैल बरे गेले. पाचव्यात ओढ्याच्या उताराला डावं चाक खळग्यात गेलं, गाडी कलली, आणि थोड्याच वेळात जाळी कोरडी. आजूबाजूला ना विहीर ना वस्ती, ओढ्यात नुसती वाळू. दोन तास वाट पाहिल्यावर भिलाला जमातीचा एक शेतकरी बैलगाडीतून लाकडं घेऊन आला. त्यानं गाडी सोडली, बैल मोटारीला जुंपले आणि आम्हाला उलट धारकडे ओढत निघाला. मी मोटारीत बसून होतो, कारण उतरलो असतो तर पायी चालावं लागलं असतं. गणपत चाक धरून बसला होता. शेतकरी मधून मधून मागं वळून बघे आणि त्याला हसू आवरेना.

धारच्या वेशीत शिरताना लोक दुकानांतून उठून बाहेर आले. चक्कीची वाट नेमकी त्याच रस्त्यानं. चक्कीच्या दारात पिठानं पांढरा झालेला एक माणूस उभा होता. दाढी पिकली होती, पण ओळखायला वेळ लागला नाही. इस्माईलनं मला पाहिलं, बैलांकडे पाहिलं, मग जाळीकडे.

"सलाम, साहेब. पाणी गेलं?"

"गेलं," मी म्हणालो.

"माझ्यासारखंच?"

"तुझ्यासारखंच."

इस्माईल बैलांकडे वळला. त्यानं शेतकऱ्याला गाडी चक्कीच्या अंगणात घ्यायला सांगितली. मग गणपतच्या पाठीवर हात ठेवला. "किती मैलांनी गेलं? चढ होता की उतार? एकीकडे कलली होती का?" गणपत सांगत गेला. सडकेवर नाही, चाकोरीत गेलं. चौकात नाही, खळग्यात गेलं. इस्माईलची मान हलत होती. "म्हणजे उभी असताना नाही. सरळ चालताना नाही. तापली आणि मुरडली की मग."

मग तो गणपतला म्हणाला, "हळद आण. मूठभर."

गणपत धावत गोदाताईकडे गेला. पाठोपाठ ती स्वतःच डबा घेऊन आली. "मोटारीला हळद? लग्न आहे का तिचं?"

"लग्न नाही, माँजी. दुखतंय कुठं ते बघायचं," इस्माईल म्हणाला. त्यानं कढत पाण्यात हळद कालवून सगळं जाळीत ओतलं. मग चक्कीवरच्या पानवाल्याकडून मातीच्या कुल्हडात चुना मागवला. खायचा चुना. तो बोटानं पातळ करून त्यानं जाळीच्या प्रत्येक सांध्यावर, नळीच्या तोंडांवर, पंपाभोवती, तळाच्या शिवणीवर लेप दिला. पांढरा पट्टा सगळीकडे. गोदाताईला आधी कळलं. "अगबाई," ती हळूच म्हणाली. हळदीला चुना लागला की लाल होतं, हे कुठल्याही घरच्या बाईला सांगावं लागत नाही. मला सांगावं लागलं.

गणपतनं एंजिन सुरू केलं. तापेपर्यंत उभे राहिलो. पट्टे पांढरेच. इस्माईलनं एक धोंडा आणला, लाकडाच्या ओंडक्यानं गाडी उचलून डाव्या चाकाखाली सरकवला. गाडी मुरडली, कुठंतरी कुईं वाजलं.

तळाच्या डाव्या शिवणीवर, पोच्याच्या कडेशी, चुन्यात एक लाल रेघ उमटली. केसाएवढी. मग ती लांबली. धोंडा काढला तशी थांबली. पुन्हा सरकवला, पुन्हा वाढली. पाणी असं झिरपत होतं की खाली पडायच्या आधी तापल्या पत्र्यावर त्याची वाफ होई.

इस्माईल उकिडवा बसून पोच्याच्या कडेवरून बोट फिरवू लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हा तोच दगड, साहेब. तुम्ही म्हणाला होता, दगड उडाला. दगडानं वरवर लागतं. म्हणून मी चौकात पाणी भरून बघितलं आणि सोडून दिलं. माझी चूक. टाकी उतरवून बघायला पाहिजे होती."

माझी चूक, तो म्हणाला. अंगणात गोदाताई होती, गणपत होता, दळण घेऊन आलेल्या चार-पाच बायका होत्या, आणि बैलवाला शेतकरी गंमत बघत अजून उभा होता.

"दगड नव्हता," मी म्हणालो. "नारळ होता."

"नारळ?"

"खंडेनवमीचा. तू इंदूरला गेलास तेव्हा. मी फोडला. तू नको म्हणाला होतास."

एंजिन चालूच होतं. गणपतनं ते बंद केलं.

"कागद लिहिला तेव्हा आठवत होतं?" इस्माईलनं विचारलं.

"आठवत होतं."

त्यानं हाताचा चुना पायजम्याला पुसला. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. "नारळ लागला असं तुम्ही म्हणाला असतात तर मी टाकी उतरवली असती," तो म्हणाला. "एका दुपारचं काम. तो कागद घेऊन मी इंदूरला चार ठिकाणी गेलो, साहेब. वाचून परत देत होते." मग गणपतला, "सांधायला डाख आहे माझ्याकडे. शेगडी पेटव."

संध्याकाळपर्यंत त्यानं टाकी उतरवली, पोचा आतून ठोकून काढला, शिवण खरवडून डाख ओतला. मी अंगणात उभा होतो. कुणी मला बस म्हटलं नाही. गोदाताईसुद्धा नाही.

निघताना मी म्हणालो, "सरदारसाहेबांना सांगून तुला परत बोलावतो. नवा कागद लिहून देतो."

"लिहिणं तर तुमचं कामच आहे," इस्माईल म्हणाला. "नोकरी नको. चक्की बरी आहे, इथं पाणी विहिरीतून येतं. पहिला कागद चौकात वाचला होता. सगळे उभे होते. दुसरा पण तिथंच वाचा."

अमझेरा आणि परत

दुसऱ्या दिवशी अमझेऱ्याला जाऊन आलो. त्याच ओढ्यातून, त्याच खळग्यातून. थेंब कमी झाला नाही. देवीच्या देवळात सावली गार होती, पुजाऱ्यानं ताक दिलं. एवढं वर्णन पुरे करा. मी तिथं गेलो होतो, पण बघत नव्हतो.

परतीच्या वाटेवर घाटाबिल्लोदच्या पुढं गणपतनं विचारलं, "साहेब, मलाही काढलं असतंत?"

खोटं बोलण्याची शक्ती संपली होती. "कागद लिहून बरोबर आणला होता. तारीख तेवढी भरायची होती."

त्यानं बेटम्यापर्यंत चाक घट्ट धरून ठेवलं. मग चाकोरी लागली तेव्हा म्हणाला, "धरून बसा," आणि गाडी अशी घातली की माझे दात वाजले. मी तक्रार केली नाही.

देवासला सरदारसाहेबांना सगळं सांगितलं. ते हसले. "नारळच ना? पोराटोरांसारखी भीती वाटली तुम्हाला. वीस वर्षांची तुमची नोकरी, एका नारळानं काय होतं? जाळी नीट झाली ना, झालं." इस्माईलला तासाभरात बाहेर काढलं होतं. मला चहा सांगण्यात आला.

"कागद चौकात वाचायचा आहे," मी म्हणालो.

"त्यात वाचायचं काय? नोकरांपुढं कारभाऱ्याचा आब राहायला हवा."

"पहिला वाचला होता, साहेब."

ते खांदे उडवून स्नानाला गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

सकाळी चौकात सगळे जमले. स्वयंपाकी, भिस्ती, पागेतले, झाडूवाल्या, गणपत. इस्माईल मिस्त्रीनं पाणी भरलं होतं, जाळी माझ्या हातून फुटली, हे मला ठाऊक असून मी त्याच्यावर खोटा कागद केला, असं लिहिलं होतं. मी वाचलं. भरभर वाचलं, माझ्या नावाशी तर आवाज खालीच गेला. संपलं तसा कागद खाली घेतला.

मागून पागेतला म्हातारा मोतद्दार पुढं आला. त्याला ऐकू कमी येतं, आणि पहिला कागद वाचला तेव्हाही तो तिथंच उभा होता. कानामागं हात धरून तो म्हणाला, "कारभारीसाहेब, मागं काही पोचलं नाही. पुन्हा वाचा. कुणी केलं म्हणालात?"

मी कागद पुन्हा वर धरला आणि पहिल्या ओळीपासून, सावकाश, मोठ्यानं, माझ्या नावासकट वाचायला सुरुवात केली.